तीन रंगांची ठेव

सुलेखाबाईंनी अडुसष्ट वर्षांत दोनच जनावरांपुढे हार मानली होती. एक त्यांच्या वडिलांचा काजळी खोंड, ज्यानं लहानपणी त्यांना गोठ्याच्या भिंतीशी तासभर अडवून धरलं. आणि दुसरी मिके, फुसाए-सानची जपानी मांजर. माणसांपुढे हार मानायची सवय त्यांना लागली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांच्या मुलाला, विवेकला, दर वेळी जरा उशिराच आठवायची.

त्या मंगळवारी संध्याकाळी तो ऑफिसातून आला आणि बूट काढता काढताच म्हणाला, "आई, टाउन कौन्सिलचं पत्र आलंय. आपल्या मजल्यावर तीन रंगांचा बोका फिरतो, लोकांच्या बुटांवर मुततो, अंगावर धावून येतो, अशी तक्रार आहे. गुरुवारी सकाळी माणूस येऊन घेऊन जाणार."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? तिला." त्यानं हनुवटीनं सोफा दाखवला.

सोफ्यावर मिके बसली होती. पोट पांढरं, पाठीवर काळी आणि तांबूस ठिगळं, आणि शेपटीच्या जागी लोकरीच्या गोंड्याएवढा गोळा. तिनं विवेककडे असं बघितलं, की घर तिचं आणि भाडेकरू तो.

"नेऊन काय करणार तिचं?"

विवेक मोज्यांकडे बघत राहिला. "ज्यांना कुणी मालक नसतो, त्यांचं... आई, मला नको विचारूस."

"मालकीण आहे तिला. ती नागासाकीला गेलीय."

"अगं, पण एचडीबीच्या, सरकारी फ्लॅटमध्ये मांजर ठेवायला बंदीच आहे! त्यात घर भाड्याचं. त्यात पीआरचा, इथं कायम राहण्याचा, अर्ज आत पडलेला. आत्ता कुणाशी भांडण नको."

"मी कुठं भांडतेय?" सुलेखाबाई म्हणाल्या. "मी मेथी निवडतेय."

ही गोष्ट दोन हजार पाच सालातली, परदेशातल्या क्लेमेंटी नावाच्या वस्तीतली. सुलेखाबाई चौथी पास. नवरा गेल्यावर लेकानं त्यांना इकडे आणलं. लेक-सून दिवसभर ऑफिसात, नात अदिती शाळेत. बाई सकाळी डबे भरून झाले की लिफ्टनं खाली यायच्या आणि ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, दगडी टेबलाशी बसायच्या. त्यांच्या इंग्रजीत शब्द असतील पन्नास, त्यातले वीस भाज्यांचे.

तिथंच त्यांना फुसाए-सान भेटली. वय यांच्याएवढंच, डोक्यावर कापडी टोपी, पिशवीत वाफवलेला मासा. राहायची दोन बसस्टॉप पलीकडच्या कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, पण यायची या ब्लॉकखालच्या मांजरांना खाऊ घालायला. दोन वर्षांपूर्वी सार्सची साथ येऊन गेली, तेव्हापासून लोक मांजराला उगाचच भिऊन असत. फुसाए-सानला त्याचा राग यायचा, पण तिचा राग असा, की ती आणखी एक मासा आणायची.

बोलायचं कसं, हा प्रश्न दोघींना पडलाच नाही. फुसाए-सान एकेका मांजराकडे बोट दाखवायची आणि आपल्या गावाकडं त्याला काय म्हणतात ते सांगायची. तांबूस पट्ट्यांचा, तो चातोरा, म्हणजे चहाच्या रंगाचा वाघ. मग ती गाल फुगवून पोटावरून हात फिरवायची. खादाड, पण मनानं लोणी. करड्या-तपकिरी पट्ट्यांची किजितोरा. हात डोळ्यांवर धरून ती इकडं तिकडं बघायची. संशयी, रानातली. काळा मायाळू, पांढरी नाजूक आणि मानी. आणि तीन रंगांची मिके? इथं फुसाए-सान उभी राहायची, नाक वर करायची आणि चार पावलं राणीसारखी चालून दाखवायची.

हसून हसून सुलेखाबाईंचे डोळे ओले व्हायचे. कारण हे सगळं त्यांना ठाऊक होतं, फक्त बैलांचं. त्यांचे वडील माणदेशातले. बाजारात बैलाला हात लावायच्या आधी रंग बघून स्वभाव सांगायचे. कोसा असेल तर शांत, काजळी असेल तर डोक्यात राख. बाईंनीही मग उभं राहून, दोन बोटांची शिंगं करून, काजळी खोंड दाखवला. व्हॉइड डेकमधले दोन चिनी आजोबा पट मांडून बसले होते, ते सोंगट्या हातात धरून बघतच राहिले.

मग मे महिन्यात फुसाए-सानच्या नवऱ्याला गावी अर्धांगाचा झटका आला. तो घराच्या कामासाठी एकटाच गेला होता. ती दोन दिवसांत निघाली. जायच्या सकाळी घराची किल्ली लाल दोरीत बांधून घेऊन आली. "मिके, प्लीज. ऑगस्ट, आय कम." आणि कमरेत वाकली. सुलेखाबाईही गोंधळून वाकल्या. पण नुसतं वाकून त्यांचं समाधान होईना. दारातून बाईमाणूस असं रिकामं कसं पाठवायचं? त्यांनी तिला वर नेलं, कुंकू लावलं, तांदळानं आणि नारळानं ओटी भरली. फुसाए-सान तो नारळ छातीशी धरून टॅक्सीत बसली. विमानतळावर त्या नारळाचं काय झालं, देव जाणे.

ठरलं होतं असं, की बाईंनी दिवसातून दोनदा तिच्या घरी जायचं आणि मिकेला खायला घालायचं. बाई गेल्या. मिके ताटलीकडे बघायची, बाईंकडे बघायची आणि पाठ फिरवायची. समोर कुणी मांडी घालून बसल्याशिवाय ती जेवायची नाही. बसलं तरी मध्येच उठलेलं चालायचं नाही. तीन दिवस हा उपास चालला. चौथ्या दिवशी बाईंनी हार मानली आणि तिला भाजीच्या ट्रॉलीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, घरी आणलं.

इथं बाईंचं चुकलं. नियम नियम असतो, हे त्यांना कळत होतं. पण उपाशी जीव टाकून यायचं त्यांना जमणारं नव्हतं.

आणि तक्रार करणारा कोण? तर त्याच मजल्यावरचे मनोहरराव. मोठ्या बँकेत, आता इथले नागरिक, गणेशोत्सवात माईक त्यांच्याच हातात. त्यांच्या दाराबाहेरच्या बुटांच्या कपाटाला आठवडाभर वास येत होता आणि त्यांनी सुलेखाबाईंच्या खिडकीत तीन रंगांचं काहीतरी बघितलं होतं. बस, दोन आणि दोन चार.

बुधवारी अदितीनं शाळेतून येऊन पत्र वाचून दाखवलं. "आजी, बघ, इथे लिहिलंय, टॉमकॅट. थ्री-कलर टॉमकॅट."

"टॉम म्हणजे?"

"बॉय, लाह," ती इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली.

सुलेखाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "बोका? तीन रंगांचा?"

"हो. का?"

"काही नाही. उद्या शाळा बुडव."

"पपा नो म्हणतील!"

"पपांना मी जन्म दिलाय. उद्या तू माझी दुभाषी."

गुरुवारी दहाला माणूस आला. तरुण, चिया नावाचा, हातात पिंजरा, चेहऱ्यावर कंटाळा. मनोहरराव रजा टाकून दारात उभे, इस्त्रीच्या शर्टात. त्यांच्या मागं बायको मेधा, हातात झाकलेली वाटी. विवेकही थांबला होता आणि कालपासूनच त्याला घाम येत होता.

सुलेखाबाईंनी मिकेला लपवलं नाही. कडेवर घेऊन सरळ कॉरिडॉरमध्ये आल्या.

"काकू!" मनोहरराव म्हणाले. "हा काय प्रकार? नियमाविरुद्ध घरात मांजर? आपल्या लोकांचं नाव खराब होतं अशानं."

"नावाचं मग बघू, मनोहरराव. आधी बुटांचं बघू. तुमच्या बुटांवर कोण आलं होतं?"

"हाच बोका!"

"नक्की बोका?"

"पायताणांकडे पाठ करून शेपूट ताठ उभी केली, मी डोळ्यांनी बघितलंय. बोकाच!"

"शेपूट," बाई म्हणाल्या, आणि मिकेला वळवून तिचा गोंडा सगळ्यांना दाखवला. "ही?"

मिस्टर चिया पहिल्यांदा हसला.

"अदिती, सांग त्याला. तीन रंगांचं मांजर असलं की ती मांजरीच असते. हजारात एखादाच बोका निघतो, आणि फुसाए-सान सांगते, जपानात असा बोका सापडला तर खलाशी त्याला मानानं जहाजावर नेत. मनोहररावांना सापडला असेल, तर त्यांनी तक्रार कशाला करावी? हारतुरे घेऊन बंदरावर जावं. आणि म्हणावं, ही बोका आहे असं वाटत असेल, तर हे घे, स्वतः बघ."

त्यांनी मिकेला उताणी केली. मिकेनं हा अपमान फक्त बाईंसाठी सोसला. चियानं वाकून बघितलं, डोकं हलवलं आणि पत्रावर काहीतरी खोडलं.

"ओके, नॉट धिस वन. देन विच वन, आंटी?"

सुलेखाबाईंना माहीत होतं. चातोरा. तांबूस, मनानं लोणी, रोज सकाळी मासा मिळतो म्हणून त्या कपाटाजवळची जागा आपली म्हणून ठेवणारा. मासा कोण घालतं तेही माहीत होतं. त्यांची नजर एकदाच त्या झाकलेल्या वाटीवर गेली आणि परत आली.

"ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "एकीला सोडवून दुसऱ्याला पिंजऱ्यात घालायला मी आले नाही."

"म्हणजे माहीत आहे!" मनोहरराव ओरडले. "विवेक, समजाव तुझ्या आईला!"

विवेकनं तोंड उघडलं. पण बोलली मेधा.

"मीच घालते त्याला," ती म्हणाली आणि वाटीवरचं झाकण काढलं. बांगड्याचा तुकडा, वर भात. "तांबडा आहे. तीन महिने झाले, रोज घालते. तुम्ही घरात माशाचा वास नको म्हणता, म्हणून बाहेर बसून मीही तिथंच खाते. न्यायचं असेल तर मला न्या पिंजऱ्यात."

मनोहररावांनी आधी वाटीकडे, मग बायकोकडे बघितलं. माईक हातात नसला की त्यांना बोलणं सुचत नसे.

चियानं पिंजरा खाली ठेवला. तांबड्याचं ऑपरेशन करून, कानाला खूण करून परत सोडा, मग आम्ही नेणार नाही, असं त्यानं मेधाला सांगितलं. मेधानं त्याच्याच पेननं हातावर दवाखान्याचा नंबर लिहून घेतला. मग तो सुलेखाबाईंकडे वळला. "बट आंटी, कॅट इन फ्लॅट, कॅनॉट. रुल इज रुल. बाय संडे शी मस्ट गो."

"जाईल," बाई म्हणाल्या. "रविवार कशाला, आज जाईल."

विवेकनं सुटकेचा श्वास सोडला. "आई, बरं केलंस. आपण तिला एखाद्या..."

पण आई आत गेली होती. दहा मिनिटांनी सुलेखाबाई बाहेर आल्या तेव्हा एका हातात मिके बसलेली ट्रॉली, कोथिंबिरीशिवाय, आणि दुसऱ्या हातात चार लुगड्यांचं गाठोडं. लाल दोरीची किल्ली गळ्यात.

"हे काय?"

"तिला सोबत लागते. तिच्या घरी मांजर चालते. मी तिच्याबरोबर जाते."

"ऑगस्टपर्यंत? एकटी? आई, तुला बसचा नंबरसुद्धा..."

"एकशे शहाण्णव. पाठ आहे मला. चार वर्षं तू मला लिफ्टपर्यंत सोडायला येतोस म्हणून मी गप्प बसले." त्यांनी ट्रॉली नीट केली. "भांडण नको म्हणालास ना? झालं. भांडण संपलं. फ्रिजमध्ये मेथी आहे."

आणि त्या लिफ्टमध्ये शिरल्या. अदिती पळत मागं गेली, "आजी, आय कम सॅटरडे, ओके?" असं ओरडत.

पीआरचा अर्ज त्याच्या त्याच्या चालीनं पुढे सरकत राहिला. त्यात मांजराचा रकानाच नव्हता.

रविवारी विवेक कॉन्डोत गेला. सोबत नारळीभाताचा डबा आणि बसमध्ये जुळवलेलं भाषण. आईनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "ती जेवतेय. बूट बाहेर, आणि खाली बस. मध्येच उठायचं नाही."

तो मांडी घालून बसला. पंधरा मिनिटं. मिकेनं ताटली पुसून चाटली, पंजे धुतले, त्याच्याकडे बघितलं आणि आपली पाठ त्याच्या गुडघ्याला टेकवली. भाषण कुठल्या कुठं गेलं.

तेवढ्यात फोन वाजला. जपानहून होता. फुसाए-सान दुरून, चिंतेनं विचारत होती. नवरा आता काठी धरून चालतो. तिला लवकर येता येईल, जुलैतच, सुरेका-सानला, म्हणजे सुलेखाबाईंना, फार त्रास होत असेल.

सुलेखाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. गॅलरीतली झाडं, स्वतःच्या हातानं केलेला चहा, कुणी सोडायला येत नाही अशी लिफ्ट.

"मिके गुड," त्या फोनमध्ये मोठ्यानं म्हणाल्या. "आय गुड. यू कम स्लो."