स्टारवरचा अंगठा

अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर फ्रिज-कूलरचं दुकान आहे. तिथल्या सेल्समनचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचा अंगठा मात्र चांगला ओळखतो. गिऱ्हाईक लेबलवरचे स्टार मोजायला लागलं, की हा त्यांच्यावर अंगठा ठेवतो आणि खालचा आकडा दाखवतो. "ह्ये वाचा. वर्षाला किती युनिट खाणार, त्ये हितं लिवलंय." समोरचा वाचेपर्यंत अंगठा हलत नाही. मालक काउंटरवरून डोळे वटारतो, तरी नाही. मला त्याचा रागच यायचा. त्याचं न ऐकता एवढ्याशा खोलीसाठी मी पाच स्टारचा मोठा एसी नेला. आता बिल आलं की तो अंगठा आठवतो.

परवा एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. लग्नात द्यायला फ्रिज हवा होता. "मोठा द्या, पाच स्टारचा. पाव्हणे मोजतेत."

"लेकीच्या घरी माणसं किती, मामा?"

"दोघंच."

त्यानं अंगठा ठेवून मोठ्या फ्रिजचा आकडा वाचला, मग शेजारच्या लहान, तीन स्टारवाल्याचा. लहानाचा आकडा कमी होता.

"पर स्टार कमी दिसतेत," मामा म्हणाले.

"हाव, दिसतेत." एवढंच बोलून तो बिलबुक आणायला वळला.

लेक पुढे झाली. तिनं लहान फ्रिजच्या स्टारवर स्वतःचा अंगठा दाबून धरला.

"बापू, आता वाचा."