चार नंबरचा पाट

वाचकहो, तुमच्या घरातला जेवायचा पाट उलटा करून त्याच्या पोटावर काय लिहिलं आहे, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

विचारतो अशासाठी, की अशाच एका पाटापायी माझे वडील तुरुंगात जाता जाता राहिले. पाटाच्या पोटावरचा मजकूर माझा होता.

आता मराठी राज्य झालं आहे, भिंतींवरची अक्षरं चुन्याखाली गेली आहेत, तेव्हा सांगायला हरकत नाही. गोष्ट चळवळीच्या ऐन भरातली. आम्ही घोडपदेवला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत पहिल्या पाळीला मागावर. घरात आई, बारा वर्षांची बहीण कुसुम आणि एकोणीस वर्षांचा मी. मी पत्रकांवर वाढलो. (आईच्या मते मी तिने घातलेल्या पेजेवर वाढलो. पण पेज पिऊन कुणाचं रक्त उसळलेलं मी तरी पाहिलं नाही.) दर आठवड्याला मी एक पत्रक लिहायचो. 'कामगारा, ऊठ!' बाबा ते शेवटपर्यंत वाचायचे, चष्मा काढायचे आणि विचारायचे, "मी रोज साडेचारला उठतो. तू कधी उठतोस?"

बाबांचं मला लक्षण ठीक वाटत नव्हतं. सभेला नाहीत, मोर्चाला नाहीत! पाळी सातची, पण माणूस पाचलाच 'पाय मोकळे करायला' म्हणून बाहेर पडायचा. इकडे महाराष्ट्र पेटलाय आणि हे पाय मोकळे करतायत! याउलट आमच्या भागातला तो अज्ञात वीर पाहा. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या भिंतीवर त्याची तांबडी, जाड, ठसठशीत अक्षरं उमटलेली असायची: 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' पोलिसांनी चुना फासला, की चुना वाळायच्या आत पुन्हा हजर. कोण लिहितं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्याच्यावर एक अख्खं पत्रक लिहिलं आणि मुद्दाम बाबांच्या उशाशी ठेवलं. ते म्हणाले, "बरं लिहिलंयस. जरा लांबलंय."

तर त्या मे महिन्यात आमच्या व्यायामशाळेत मुलांसाठी सहा दिवसांचं चित्रकला शिबिर भरलं. शिकवायला जाधव मास्तर. मास्तरांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की सहा दिवसांत ज्याची प्रगती सगळ्यांत जास्त होईल, त्या एका मुलाला ते आपल्या रविवारच्या वर्गात वर्षभर फुकट शिकवतील. ती जागा कुसुमला हवी होती. आमच्या मोरीच्या कट्ट्यावर ती कोळशाने चित्रं काढायची, आई बादलीभर पाण्याने ती धुऊन टाकायची, आणि पोरगी कट्टा वाळायची वाट बघत बसायची. इतकी हवी होती!

"मी शिकवीन," मास्तर म्हणाले. "पण रोज कोण किती पुढे गेलं, त्याची नोंद कुणीतरी ठेवा."

मी पुढे झालो. आणि पुढे झाल्याबरोबर पहिलं तत्त्व मांडलं: वहीत नावं नकोत! नावामागे आडनाव येतं, आडनावामागे जात येते, गाव येतं, कुणाचा बाप गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आहे तेही येतं. वहीत फक्त क्रमांक! मुलं बारा. बसायला चाळीतून बारा पाट मागून आणलेले. त्यांवर घरोघरची नावं कोरलेली होती, ती मी तांबड्या तेलरंगाने बुजवली आणि प्रत्येकाच्या पोटावर एक ते बारा आकडे घातले.

आईने आमचा पाट पाहिला. पितळी फुलं ठोकलेला, तिच्या लग्नातला. पोटावर भला मोठा चार!

"मेल्या, ह्येच्यार नंबर कित्याक घातलंस?"

"आये, समता!"

"जळ्ळी मेली तुझी समता! माझो पाट परत इलो नाय ना, तर तुका जमनीर जेवक बसवतलंय!"

पहिल्या दिवशी पाट मी स्वतः वाटले. कुसुमला योगायोगाने आमचाच आला, चार नंबरचा. पुढची पद्धत अगदी शास्त्रशुद्ध होती. मुलं कागद पाटावर ठेवून घरी जायची. मग मी पाट उलटायचा, नंबर बघायचा, तो कागदाच्या पाठीवर टाकायचा आणि वहीत शेरा लिहायचा. वर्ग चालू असताना मुलांकडे बघायचंसुद्धा नाही! बघितलं की माया, माया आली की पक्षपात! म्हणून मी सहाही दिवस दाराकडे तोंड करून बसलो.

दारात हवालदार सावंत असायचे. समोरच चौकी, तिच्या भिंतीवर तीच तांबडी अक्षरं, आणि त्यांची मुलगी शकू शिबिरात. पोरीला सगळ्यांच्या आधी आणून सोडायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. कला हे निमित्त, हे मी तेव्हाच ओळखलं. मी त्यांच्यावर नजर ठेवली. ते आपले तंबाखू मळत माझ्याकडे बघायचे.

वहीतल्या नोंदी आजही माझ्याकडे आहेत. पहिला दिवस: 'क्र. ४. लोटा. गळका आहे. श्रमिकाच्या घरचा असावा.' दुसरा दिवस: 'क्र. ४. लोट्याला एका दिवसात कल्हई झाली आहे! संशयास्पद.' तिसरा दिवस: 'क्र. ११. कालचा लोटा बरा होता, आजचा नारळ म्हणजे बटाटा. प्रतिगामी वळण! क्र. ४ चा नारळ मात्र फोडून खावा असा. अत्यंत संशयास्पद.' चौथ्या दिवशी रंग आले, आणि चार नंबरने असं तांबडंलाल जास्वंद काढलं, की मी वही मिटून उठलोच.

कुसुम नळावर हंडा भरत होती.

"कुसुम, खरं सांग. तुला कोण काढून देतं?"

"पाणी? मीच भरते. तू कधी भरलंयस?"

"चित्रं! चित्रं कोण काढून देतं?"

"दादा, डोकं फिरलं का तुझं? दुपारचं पाणी भरून मी पोचते तेव्हा सगळे पाट गेलेले असतात. उरतो तो कुठला तरी डुगडुगणारा. त्याच्यावर बसून सरळ रेघ मारून दाखव तू!"

"सबबी सांगू नकोस!" मी म्हणालो.

(वाचकहो, सगळं रहस्य त्या पोरीने मला हंडा भरता भरता सांगून टाकलं होतं. पण पत्रकं लिहिणाऱ्याचे कान बहुधा स्वतःच्या आवाजापुरतेच असतात.)

पाचव्या दिवशी जेवताना मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. नखांत तांबडा रंग! तसाच उठलो आणि माझा रंगाचा डबा हलवून पाहिला. निम्मा! मला सगळं एका क्षणात उलगडलं. कुसुमची चित्रं बाबा काढून देत होते! महाराष्ट्रासाठी बोट न उचलणारा माणूस पोरीला पुढे सरकवण्यासाठी दहाही बोटं रंगवत होता! ही वशिलेबाजी घरातल्या घरात मिटवता आली असती. पण जो घरातलं घरात मिटवतो, तो उद्या देशातलंही घरात मिटवील, असं मीच एका पत्रकात लिहिलं होतं.

सहाव्या दिवशी पालक जमले. बाबा पाळी संपवून आले, आई आली, सावंत दारात. मी वही उघडून उभा राहिलो.

"क्रमांक चारची प्रगती ढोंगी आहे! ही चित्रं काढणारा हात मुलाचा नाही. तो हात याच खोलीत बसला आहे. बाबा, बोटं दाखवा!"

बाबांनी दोन्ही हात बगलेत घातले.

"नखांत तांबडा रंग! आणि माझा डबा निम्मा! याचा अर्थ काय?"

"अरे वसंता," जाधव मास्तर बोलून गेले, "डब्यातला तो तेलरंग, आणि पोरं वापरतात पाण्याचे..." एवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. त्यांना अचानक खोकला आला.

सावंत उठून आत आले. "कसला रंग म्हणालास?"

"तांबडा!" मी त्यांना डबा दाखवला. उघडूनसुद्धा दाखवला!

आईने पदर तोंडात कोंबला. खोलीतल्या प्रत्येकाला सगळं कळलं होतं, मी सोडून. बाबांनी सावंतांकडे पाहिलं, मग बराच वेळ कुसुमकडे पाहिलं, आणि मान खाली घालून म्हणाले, "होय. पोरीची चित्रं मीच काढली."

"बाबा!" कुसुम रडकुंडीला आली. "मास्तर, आईशप्पत, मी कुणाकडून काढून नाही घेतलं! ह्यांना साधा लोटापण येत नाही!"

मी वहीत लिहिलं: 'क्र. ४. बाद.' त्याखाली अभिमानाने दोन रेघा ओढल्या.

"असं?" सावंतांनी एक कोरा कागद बाबांपुढे सरकवला. "मग लोटा काढून दाखवा बघू."

बाबांनी मास्तरांचा जाड कुंचला उचलला आणि एका दमात लोटा काढला. त्याला तोंड नव्हतं, बूड नव्हतं, त्यात काही ठेवता आलं नसतं. पण रेघ! जाड, ठसठशीत, शेवटाला किंचित वर उडवलेली. सावंतांनी कागदाकडे पाहिलं. दारातून चौकीच्या भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं.

आणि मग, अगदी शेवटच्या नंबराने, मला कळलं. ज्याच्यावर मी पत्रक लिहिलं तो वीर माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. आणि पोलिसाच्या हातात त्याचा नमुना मी दिला होता!

"अप्पा," इतक्यात शकू सावंतांची बाही ओढत म्हणाली, "ते जास्वंद माझंय. ह्यांनी नाही काढलं."

"तुझं कसं?" मी म्हणालो. "मागे चार आहे!"

"मी रोज पहिली येते ना. मग फुलांचा पाट घेते. तो हलत नाही."

मास्तरांनी बहात्तर कागद भुईवर पसरले. "पोरांनो, आपापली उचला." मला सहा दिवसांत जे जमलं नाही, ते पोरांनी पाच मिनिटांत केलं. कुसुमच्या सहा कागदांमागे मी घातलेले नंबर होते चार, अकरा, सात, अकरा, नऊ, अकरा. मी सहा दिवस बारा पाटांची प्रगती लिहीत होतो!

मास्तरांनी तिचे कागद ओळीने मांडले. गळक्या लोट्यापासून सुरुवात होती. शेवटच्या कागदावर नळावरची रांग होती, आणि हंडा उचलताना वाकलेली बाई पाहून आई पटकन म्हणाली, "अगो, ही मी!" मास्तर उकिडवे बसून एकेक कागद पाहत गेले.

"शकूचा हात पहिल्या दिवसापासून चांगला आहे, तो तसाच आहे. ही पोरगी मात्र कुठून कुठे आली. तीही डुगडुगत्या पाटावर बसून! कुसुम, रविवारी ये."

सावंत अजून उभेच होते. "मग तुमच्या नखांत हा रंग कसला?" त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी नखं मुठीत लपवली. शेवटी त्यांनीच उत्तर दिलं. "पाटांना नंबर घालायला पोराला मदत केली असेल तुम्ही."

"हो," बाबा म्हणाले.

"हो!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांशी सहमत झालो.

"घासलेटने घासा, निघेल. आमच्या भिंतीवरचा काही केल्या निघत नाही. चुना मारून मारून हात सोलले आमचे." लोट्याच्या कागदाची त्यांनी नीट घडी केली आणि ती खिशात घातली. पुरावा म्हणून की आठवण म्हणून, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

घरी जाताना मी म्हटलं, "बाबा, मला एकदा सांगायचं तरी!"

"तुला?" बाबा म्हणाले. "तू छापतोस."

दुसऱ्या दिवशी मी पाट परत करायला निघालो आणि लक्षात आलं, की नावं मीच बुजवली आहेत. अंदाजाने बारा घरी बारा पाट दिले. आमच्या घरी जो आला, तो डुगडुगतो. आईने शब्द पाळला. कुसुम आज मास्तरांच्या वर्गात धाकट्या मुलांना शिकवते, आणि मी अजून जमिनीवर जेवतो.

म्हणून विनंती एवढीच, की आज जेवण झालं की घरातले पाट उलटे करा. पितळी फुलांच्या पाटाच्या पोटावर तांबडा चार दिसला, तर तो आमच्या आईला आणून द्या. घर विचारताना कुसुमचं नाव सांगा. माझं सांगितलंत तर दार उघडणार नाही. आणि आत देण्याआधी मला त्याच्यावर घटकाभर बसू द्या. माझ्या वहीप्रमाणे त्या पाटावर कुणाचीही एका दिवसात प्रगती होते.