वाकडी साखळी

वैजयंती मॅडमचा क्लास भवानी पेठेत, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भरायचा. पुढं फळा, मागं स्वयंपाकघर, मध्ये नुसता पडदा. त्यामुळं बारावीची पोरं सेंद्रिय रसायनशास्त्र शिकायची आणि पडद्यामागं भाकरी थापता थापता मॅडमची आई सारजाबाईही शिकायची. पोरांपेक्षा म्हातारीच मन लावून ऐकते, असा मॅडमचा रोजचा टोमणा.

"साखर, घासलेट, शेंगाचटणीतलं तेल, तुमच्या अंगातला शर्ट, सगळा कार्बनचा संसार," मॅडम सांगायच्या. "ह्या बाबाला हात चार. दुसऱ्या कार्बनचा हात धरतो आणि साखळ्या करत सुटतो. प्रजा एवढी वाढली, की नावं ठेवायला नियम करावे लागले. आधी सगळ्यात लांब साखळी शोधा. तीन कार्बन असले तर प्रोपेन, चार असले तर ब्यूटेन. मग फांदी ज्या टोकाला जवळ, तिथून आकडे मोजा आणि फांदीचं नाव आधी लावा. एका कार्बनची फांदी मिथाइल, दोनांची इथाइल."

एवढं सांगून त्या फळ्यावर सापळा लावायच्या. तीन कार्बन आडवे, मधल्याच्या खाली दोन लोंबकळते. पोरं बेधडक लिहायची, २-इथाइलप्रोपेन.

"फसलात! सरळ दिसलं तेवढंच मोजलंत. वळून खाली उतरा, चार भरतात. हे २-मिथाइलब्यूटेन. साखळी वाकडी काढली तरी मोजायची!" हे वाक्य त्या घरात उठता-बसता ऐकू यायचं.

नवऱ्याचं घर सोडून मॅडम माहेरी आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याचं दुःख त्यांनी कधी मिरवलं नाही. पण धाकट्या भावाला, अभिमन्यूला, मुलगी झाली आणि बाई हरखून गेल्या. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तो त्यांना मनापासून हवा होता. वरवर मात्र, "मिथाइल ठेवणार आहे," म्हणून भावजयीला घाबरवत होत्या. ती बिचारी दोन रात्री नीट झोपली नाही.

बारशाला केम गावाहून मॅडमची आत्या राजाबाई आली, लेक सोनालीला घेऊन. पाळणा सजला, बायका जमल्या, पुरणपोळीच्या वासानं क्लासची पोरंही दारात आली. मॅडम पुढं झाल्या, तशी राजाबाई सारजाबाईला म्हणाली, "वैनी, वैजूचं नांदणं मोडलंय. नाव ठिवायला भरल्या घरची बाई पायजे. आमची सोनाली बी आत्याच लागती की."

एरवी कुणाला उत्तर उधार न ठेवणाऱ्या मॅडम मागं सरल्या. त्यांना फार लागलं. हातातली कुंची त्यांनी सोनालीपुढं धरलीसुद्धा.

तेवढ्यात पाळण्यापलीकडून सारजाबाई कडाडली, "वन्सं, तुमी बी सरळ दिसलं तेवढंच मोजता व्हय? साखळी वाकडी काढली तरी मोजायची अस्ती! सख्खी भन हाय ती माज्या पोराची. सोनाली फांदी हाय, तिनं दोरी धरावी."

दारातली पोरं फिदीफिदी हसली. राजाबाईला काही कळलं नाही, पण आपण हरलो एवढं कळलं. सोनालीनं मुकाट्यानं पाळण्याची दोरी धरली.

मॅडम बाळावर वाकल्या, "ऋतुजा" म्हणाल्या, कानात कुर्र केलं. रीतीप्रमाणं बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. राजाबाईनं सगळा राग त्यातच काढला. मॅडम सरळ झाल्या तेव्हा डोळे भरून वाहत होते.

"आत्या, हळू की!" त्या पदरानं गाल पुसत म्हणाल्या. "पाठ मोडली माझी."

सारजाबाईनं सगळ्यांदेखत लेकीची पाठ चोळायला घेतली. ती कितीतरी वेळ चोळतच होती.