साडूच्या गाडीचा काटा

पनवेल सोडलं तेव्हा विनायकरावांची गाडी पुढे होती आणि माझी मागे, शेजारी बायको. विनायकराव म्हणजे माझे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कर्जतला, भिसेगावात, आमच्या सासूबाई एकट्या राहायच्या. उन्हाळ्यात त्यांना कुणी घरी न्यायचं, यावरून दोघी बहिणींत ओढाताण चालली होती. माझ्या बायकोने खोली आवरून ठेवली होती. विनायकरावांकडे मोठं घर, फ्रिज, नवी गाडी; माझी जुनी, खड्ड्याखड्ड्याला हादरणारी. मी मनातून जळायचो. माझ्या बाजूने एकच गोष्ट होती. सासूबाईंना वेगाची धास्ती, आणि विनायकराव गाडी पळवतात हे नात्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

वाटेत चौक गावाला चहासाठी थांबलो. समोर इरशाळगड उन्हात तापला होता.

"अण्णा, सत्तरच्या खाली आलोच नाही," विनायकराव म्हणाले.

मी तर सतत त्यांच्या मागेच होतो आणि माझा काटा साठाच्या आसपास होता. "चाकं बारकी दिसतात," मी म्हणालो.

"मूळ मापाचे टायर मिळेनात. मग रिमसकट लहान बसवली. ऐट आहे की नाही?"

होती ऐट. तिचाही हेवा वाटला. पण चहा संपता संपता डोक्यात प्रकाश पडला. चाक लहान, तर तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त. आणि काटा वेग धरतो तो फेऱ्यांवरूनच. म्हणजे सत्तर हा नुसता देखावा. आनंदाच्या भरात मी एका ठाकरीण बाईकडून करवंदांचे दोन द्रोण घेतले.

"ग्वाड हायत, दादा," ती म्हणाली. आंबटढाण निघाली, तरी मला गोडच लागली.

भिसेगावात पानात तांदळाची भाकरी आणि बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) होतं. सासूबाईंनी बोचकं बांधूनच ठेवलं होतं.

"मी थोरलीकडंच जाते," त्या म्हणाल्या. "विनायकरावांची गाडी लय पळते. मला भ्या वाटतं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विनायकराव हसून म्हणाले, "सत्तर म्हणजे काहीच नाही, आई." ते हसू मला सोसलं नाही. मी एक लहान आणि एक मोठी वाटी जमिनीवर फिरवून सगळं समजावून सांगितलं. "यांचा काटा उगाच फुगवून दाखवतो, आई. गाडी माझ्याइतकीच हळू चालते."

विनायकरावांचा चेहरा पडला. माझी बायको मात्र डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती.

सासूबाईंनी वाट्या उचलून बाजूला ठेवल्या. "म्हंजी भ्यायचं कारन नाय म्हना की. मंग धाकटीकडंच जाते गं. तिची गाडी हादरत नाय."

कर्जत कसं वाटलं असं कुणी विचारलं, की मी डोंगर सुंदर आहेत म्हणतो. खरं सांगायचं तर परत येताना मला डोंगर दिसलेच नाहीत. पुढच्या गाडीच्या काचेतून सासूबाईंचा अंबाडा तेवढा दिसत होता, आणि पनवेलपर्यंत तो एकदाही हादरला नाही.