मामाला नेटवर शोधताना

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, एवढ्या बळावर लिहितोय, चुकलं तर माफ करा. थिनरचा वास आला की मला आखातातल्या तुबलीतली मामाची खोली आठवते. तिथल्याच गॅरेजात तो गाड्या रंगवायचा; आई आणि मीही तिथं जवळच राहायचो. त्याचा व्हिसा संपला होता आणि एका सकाळी तपासणीत पोलिसांनी त्याला नेलं. फोन बंद. आई म्हणाली, "मराठी मंडळात कुणाला विचारू नकोस हां, गावाला कळेल. तू शिकलायस ना, नेटवर बघ." मामाच्या खाटेवर बसून मी नुकत्याच अटक झालेल्यांची नावं शोधली. तिथलं काहीच मिळालं नाही, अमेरिकेतल्या तुरुंगांची पानं मात्र फोटोंसकट उघडली. तरी मी ते अनोळखी चेहरे एकेक करून बघत राहिलो. मामाच्या खोलीतला पठाण म्हणाला, "यल्ला, चाय पी ले. अमरीका में थोड़ी बैठा है तेरा मामू." मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. गावाहून मामीचा फोन आला की आई सांगायची, "त्याला डबल ड्युटी आहे." आजही त्या दिवसांबद्दल मला नेमकं काय वाटतं ते सांगता येत नाही. शेवटी कळलं ते मामीकडूनच: "वन्सं, हे आत्ता एसटीतून उतरले. तिकडून विमानात बसवून परत पाठवलं म्हणे. सगळा गाव दारात उभा आहे, मी काय सांगू त्यांना?"