कपाळाला हात लावू नका

हे लिहितानासुद्धा मी दार लोटून घेतलंय. आजवर घरात, क्लिनिकमध्ये, कुणालाच याचा पत्ता लागू दिलेला नाही.

गारखेड्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये मी सिस्टर आहे. आठ्या घालवायचं बोटॉक्स पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा वाटलं, डॉक्टर मॅडम आपली फिरकी घेतायत. बाटली चक्क रिकामी! नीट पाहिलं तर तळाला पांढुरका पापुद्रा. त्यात सलाइन घालायचं, थेंबभर टोचायचं — की नसेचा निरोप स्नायूला पोचतच नाही. मग आठी पडणार कशी? आणि मुळात हे विष, जिवाणूचं! मला तर त्याचं वेडच लागलं. तुम्हाला नसतं लागलं?

त्या दिवशी कन्नडहून एक शिक्षिका आल्या होत्या. पंधरा दिवसांवर मुलाचं लग्न. मॅडमनी भुवयांमध्ये टोचलं आणि त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. आता काम माझं — चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, नाहीतर औषध पापणीत उतरू शकतं, हे बाईंना सांगायचं. कागदावर ‘सूचना दिल्या’पुढे टिक मी आधीच करून ठेवलेली. आणि मी काय करत होते? बाटली खिडकीशी धरून आत बघत होते.

“झालं का, सिस्टर?” बाईंनी विचारलं.

मान न वळवता मी म्हणाले, “झालं, निघा तुम्ही.”

त्या थेट भाचीच्या हळदीला गेल्या. बायकांनी त्यांनाही धरून कपाळभर हळद चोळली.

आठवड्यानं आल्या, तर डावी पापणी अर्धी मिटलेली. सूचना दिल्या होत्यास ना, मॅडमनी विचारलं. मी — हो म्हणाले. कागदही दाखवला. बाई माझ्याकडं बघत राहिल्या.

“सांगितलं असंल ओ,” त्या म्हणाल्या. “लग्नाच्या गडबडीत माझंच ध्यान नसंल. लई चुकलं माझं.”

मॅडमनी डोळ्यात घालायला थेंब दिले. पापणी काही आठवड्यांत वर येईल, नुसत्या सुईनंही असं होतं कधी कधी, म्हणाल्या. हळदीनं झालं की सुईनं? मी अजून वाचते, शोधते, कळत नाही. पण खोटं मीच बोलले, त्यात शोधायचं काय?

पापणी उघडली, पण लग्नानंतर. वर्षानं बाई पुन्हा आल्या. मोबाइलवर लग्नाचे फोटो दाखवले — प्रत्येकात मान वळवून, उजवी बाजू पुढं करून उभ्या. टोचून झाल्यावर त्यांनी पर्समधून छोटी वही काढली.

“सावकाश सांगा, सिस्टर. मागच्या खेपेला माझ्या ध्यानात राह्यलं नव्हतं.”

मी सांगितलं. त्यांनी एकेक शब्द लिहून घेतला.