तुळशीसोबत आणलेली माती

"आजी, ती कुंडीतली माती कुठली?" नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरणीने विचारलं, तेव्हा माझी नात परी पलंगावर पडली होती. अडीच वर्षांची पोर. सकाळी तिला आकडी आली, डोळे फिरले. रक्तात शिसं निघालं. बाल्कनीतल्या तुळशीची माती ती चोरून खायची. लहान मुलं खातातच, असं मीच म्हणायची.

माती भंडाऱ्याची. आमच्या अंगणातली. आणली मीच.

परीचे आजोबा गेले आणि माझा मुलगा दिलीप मला न्यायला आला. निघायच्या दिवशी मी तुळस खणली आणि गोणीभर माती घेतली. सासू सांगायची, "घर सोडशील तं तुळस तिच्या मातीसंगं ने." दिलीप चिडला, "आई, नागपूरले माती भेटत नाही का?" मी ऐकलं नाही.

आमच्याकडे पितळ ओतायची भट्टी होती. हे मोडकी भांडी वितळवायचे. ओतकाम नीट उतरावं म्हणून त्यात शिसं टाकायचे. भट्टीची राख आणि काळा चुरा मी रोज तुळशीपाशी टाकायची. त्याच राखेनं भांडी घासायची. शेजारणी मागून न्यायच्या, पितळ लखलख निघतं म्हणून.

डॉक्टरणीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुमच्या मुलांना कधी आकडी आली होती?"

आली होती. माझा धाकटा मोरू, चार वर्षांचा. तोही माती खायचा, पोट दुखतं म्हणून रडायचा. आम्ही मीठमिरच्या ओवाळल्या, नजर काढली. तो गेला. इतकी वर्षं मी म्हणत आले, पोराचं आयुष्यच तेवढं होतं. डॉक्टरीण म्हणाली, तेही शिशानंच का, हे आता नक्की सांगता येणार नाही. 

तिथूनच धाकट्या जावेला फोन लावला. त्या अंगणात आता ती मेथी लावते.

"शांता, ती मेथी उपटून टाक. खाऊ नको, गाईलेबी घालू नको."

"काहून? नागपूरच्या झाल्या तं आमची मातीबी नासली का, बाई?"

"परीच्या रक्तात तिचं विष निघालं. माह्या मोरूले आठव."

 ती हळूच म्हणाली, "माही सून पोटुशी आहे. रोज मेथीच खाऊन राहिली."

"तिले उद्याच नागपूरले आण."

सून आली, तिचंही रक्त तपासलं, त्यातही शिसं निघालं. तिला औषध सुरू झालं, तिचं पोर अजून यायचं आहे. तिकडे भंडाऱ्यात राहिलेल्यांनो, मला घराची ओढ लागते का असं तुम्ही विचारता. घर आहे. पण त्या अंगणात मी आता कोणाच्या लेकराला खाली सोडणार नाही. बाल्कनीत बाजारातली माती आणली, तुळस तीत बरी वाढते.

परी वाचली. बोलायला वेळ लागतोय. दिलीप त्याच अंगणात वाढला, तो आहे. मी आहे. मोरू नाही.